इझलिनचा पत्ता, वुडब्रिजचे बिल

वाचकांचे प्रश्न

न्यू जर्सीतल्या वुडब्रिज टाउनशिपबद्दल (टाउनशिप म्हणजे तिकडची स्वतःचा कारभार असलेली स्थानिक संस्था) आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. न्यूयॉर्कच्या नैऋत्येला, मिडलसेक्स काउंटीत वसलेले हे मोठे उपनगर. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 1,03,639, म्हणजे राज्यात सातवा क्रमांक. साड्या-मिठाईच्या दुकानांच्या ओक ट्री रोडमुळे ‘इझलिन’ हे नाव तिकडच्या मराठी घरांतून सगळ्यांच्या तोंडी असते. वुडब्रिजची ओळख बहुधा पहिले बिल हातात पडल्यावर होते.

प्रश्न (नाशिक): मुलाने इझलिनला घर घेतले. टपालाचा पत्ता ‘इझलिन 08830’, मालमत्ता कराचे बिल वुडब्रिजचे, आणि ओळखीतले सगळे म्हणतात तो ‘एडिसनला’ राहतो. त्याचे गाव नेमके कोणते?

उत्तर: गाव वुडब्रिज. न्यू जर्सीची सगळी जमीन 564 स्थानिक संस्थांमध्ये वाटलेली आहे. कुणाच्याच हद्दीत नाही अशी जागा राज्यात उरलेली नाही. इझलिन ही त्यातली संस्था नव्हे. त्याला महापौर नाही, कर लावायचा अधिकार नाही. ते टपाल खात्याने आणि जनगणनेने वापरात ठेवलेले वस्तीचे नाव आहे. वुडब्रिज टाउनशिपच्या पोटात अशा दहा वस्त्या आहेत: मूळ वुडब्रिज, इझलिन, कोलोनिया, अव्हेनेल, फोर्ड्स, होपलॉन, कीझबी, पोर्ट रीडिंग, सीवारेन आणि मेनलो पार्क टेरेस.

घोळ होतो तो पिनकोडमुळे, ज्याला तिकडे झिप म्हणतात. अव्हेनेल 07001, कोलोनिया 07067, फोर्ड्स 08863 असे बहुतेकांचे स्वतंत्र झिप आहेत. पण होपलॉनची पत्रे पर्थ अँबॉयच्या 08861 वर येतात आणि मेनलो पार्क टेरेसची मेटचनच्या 08840 वर. म्हणजे पाकिटावर शेजारच्या गावाचे नाव, आणि कर मात्र वुडब्रिजला. टपालाच्या हद्दी टपाल वाटायच्या सोयीने आखलेल्या आहेत, त्यांचा कारभाराशी संबंध नाही.

मुलाला कराचे बिल उघडून त्यावरचा ब्लॉक आणि लॉट क्रमांक लिहून ठेवायला सांगा. आपल्याकडे सात-बारावरचा गट क्रमांक जे काम करतो, तेच हे दोन आकडे करतात. दुसरी गोष्ट, राज्याच्या आयकर विवरणपत्रात काउंटी आणि गावाचा चार आकडी संकेतांक विचारतात. वुडब्रिजचा 1225, शेजारच्या एडिसन टाउनशिपचा 1205. ‘आम्ही एडिसनचे’ म्हणायची सवय लागलेले लोक तिथे बिनदिक्कत 1205 टाकतात.

ओक ट्री रोडवर तर ही सीमा डोळ्यांना दिसतच नाही. साडीचे दुकान, मिठाईचे दुकान, पुन्हा साडीचे दुकान अशी रांग चालू असते आणि मधेच कुठेतरी वुडब्रिज संपून एडिसन लागते. गिऱ्हाइकाला त्याने फरक पडत नाही, दुकानदाराला पडतो. पाटी लावायची परवानगी, बांधकामाचा परवाना, अन्नपदार्थांची तपासणी, पार्किंगचा दंड भरायचे न्यायालय, सगळे हद्दीप्रमाणे बदलते. परवान्याचा अर्ज चुकीच्या कचेरीत दिला की तो परत येतो आणि तोवर भाडे चालूच राहते. गाळा घेण्याआधी टाउनशिपच्या कर-नकाशावर ब्लॉक आणि लॉट शोधून घ्यावा.

प्रश्न (सोलापूर): या गावाची स्थापना एका ठिकाणी 1664 दिली आहे, दुसरीकडे 1669, तिसरीकडे 1798. कुठे राजा चार्ल्सची सनद म्हणतात, कुठे गव्हर्नर कार्टरेटची. खरे काय धरायचे?

उत्तर: तिन्ही साले खरी आहेत, फक्त ती तीन वेगळ्या कागदांची आहेत.

ज्या दुसऱ्या चार्ल्सने हुंड्यात आलेली मुंबई 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली, त्यानेच 1664 मध्ये डचांच्या ताब्यातला हा अमेरिकन किनारा आपल्या भावाला, यॉर्कच्या ड्यूक जेम्सला, बहाल केला. प्रदेश अजून जिंकलेलाही नव्हता. जेम्सने त्यातला हडसन आणि डेलावेअर नद्यांमधला भाग त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड बर्कली आणि सर जॉर्ज कार्टरेट या दोन मित्रांना देऊन टाकला. सप्टेंबरात इंग्रजी आरमाराने न्यू अॅम्स्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, घेतले. तिथे बसलेल्या रिचर्ड निकल्स या अधिकाऱ्याला जूनच्या त्या देणगीचा पत्ताच नव्हता. तो आपला जमिनीच्या खरेदीला मंजुरी देत सुटला.

त्यातली मोठी खरेदी 28 ऑक्टोबर 1664 ची. जॉन बेली, डॅनियल डेंटन आणि ल्यूक वॉटसन यांनी मट्टानो आणि लेनापे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या इतर मुखियांकडून रॅरिटन आणि पसेइक नद्यांमधला पट्टा घेतला. किंमत दस्तात नोंदलेली आहे: 20 वाव कापड, शिवलेले 2 कोट, 2 बंदुका, 2 किटल्या, शिशाच्या 10 कांबी, 20 मुठी बंदुकीची दारू, आणि वर्ष उलटल्यावर पांढऱ्या शिंपल्यांच्या मण्यांच्या 400 वाव माळा. आजच्या अनेक गावांची आणि शहरांची जमीन यात आली. लेनापे लोकांच्या लेखी जमीन विकणे म्हणजे वापराची मुभा देणे होते की कायमचे पाणी सोडणे, याचा विचार त्या दस्तात कुठेच नाही. निकल्सने 1 डिसेंबरला शिक्का मारला. हे झाले 1664.

ऑगस्ट 1665 मध्ये बर्कली आणि कार्टरेट या मालकांचा गव्हर्नर फिलिप कार्टरेट येऊन थडकला आणि एकाच जमिनीवर दोन हक्क उभे राहिले. पुढच्या वर्षी या पट्ट्याचा दक्षिणेकडचा भाग मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरी गावच्या डॅनियल पीअर्स आणि मंडळींना विकला गेला. न्यूबरीचे पाद्री जॉन वुडब्रिज, त्यांचे नाव नव्या गावाला पडले. 1 जून 1669 रोजी फिलिप कार्टरेटने या गावाला सनद दिली. म्हणून ‘राजाची सनद’ हे ढोबळ बोलणे झाले. राजाच्या भावाने दिलेल्या मालकांच्या गव्हर्नरने ती दिली. तिने जमीनधारकांना आपले न्यायदंडाधिकारी सुचवण्याचा, गावचे न्यायालय चालवण्याचा आणि पाद्री निवडण्याचा हक्क दिला. मोफत शाळेसाठी 100 एकर जमीनही राखली. टाउनशिपने 2019 मध्ये साजरा केलेला साडेतीनशेवा वाढदिवस याच तारखेचा.

1798 चे साल कोरडे आहे. स्वातंत्र्यानंतर न्यू जर्सीच्या विधिमंडळाने 21 फेब्रुवारीला एकाच कायद्याने जुन्या गावांना टाउनशिप म्हणून नोंदवले, त्यात हेही आले.

दोन हक्कांचे भांडण मात्र चिवट निघाले. मालकांनी 1670 पासून एकरी अर्धा पेनी सारा मागितला. ज्यांच्याकडे निकल्सचा कागद होता त्यांनी, आमचे पैसे देऊन झाले, म्हणत हात वर केले. 1702 मध्ये मालकांनी राज्यकारभार इंग्लंडच्या राणीला परत केला तरी जमिनीचा वाद सुटला नाही. 1745 मध्ये मालकांनी एलिझाबेथटाउनवाल्यांवर, म्हणजे 1664 च्या त्या खरेदीवर हक्क सांगणाऱ्यांवर, मोठा दावा गुदरला, त्याचा निकाल कधीच लागला नाही.

प्रश्न (सोलापूरच्याच पत्रातून): वुडब्रिज ‘न्यू जर्सीतली सर्वांत जुनी मूळ टाउनशिप’ म्हणवते. बर्गन त्याहून जुने नव्हे का?

उत्तर: जुनेच. बर्गनची डच सनद 1661 ची, पण ते 1870 मध्ये जर्सी सिटीत विलीन झाले. नेवार्क आणि एलिझाबेथ पुढे शहरे झाली. पिस्कॅटवे मात्र 1666 पासून आहे आणि आजही टाउनशिपच आहे. त्यामुळे ‘मूळ’ या शब्दाला जरा ताणल्याशिवाय हा दावा बसत नाही. गावाच्या पाटीवर शोभतो, इतकेच.

प्रश्न (जर्सी सिटी): मूळ वुडब्रिज भागात ओढ्याजवळचे एक घर आजूबाजूपेक्षा बरेच स्वस्त मिळते आहे. दलाल म्हणतो, पुराचा प्रश्न नाही. काय तपासावे?

उत्तर: दलालाचे म्हणणे बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. वुडब्रिजच्या पूर्वेला आर्थर किल आहे. न्यू जर्सी आणि स्टेटन आयलंडच्या मधली ही खाडी समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर चढते-उतरते. दक्षिणेला रॅरिटन नदी, उत्तरेला राहवे नदी. मधून वुडब्रिज क्रीक वाहत येऊन आर्थर किलला मिळते आणि तिला हर्ड्स ब्रूक नावाचा ओढा मिळतो. जमीन सुमारे 23 चौरस मैल, पण पूर्वेची बाजू सखल आणि दलदलीची, पश्चिमेकडे हळूहळू चढ.

या भागात दोन प्रकारचे पूर येतात. पूर्वेला भरतीचा. वादळाने खाडी फुगली की ओढ्याचे आणि पावसाळी गटारांचे तोंडच पाण्याखाली जाते, आणि वरून पडणाऱ्या पावसाला बाहेर पडायला वाट उरत नाही. पाणी उलटे रस्त्यावरच्या जाळ्यांतून वर येते. 29 ऑक्टोबर 2012 च्या सँडी वादळात हेच झाले. त्यानंतर राज्याने ‘ब्लू एकर्स’ योजनेतून वॉटसन-क्रॅम्प्टन या वस्तीतली आणि आसपासची शंभराहून अधिक घरे मालकांच्या संमतीने विकत घेऊन पाडली आणि ती जमीन पुन्हा पाण्याला सोडली. तुमचे घर एखाद्या गल्लीत अशा रिकाम्या, गवत वाढलेल्या भूखंडांच्या शेजारी उभे असेल, तर ते स्वस्त का आहे हे वेगळे विचारायला नको. टाउनशिपने तिथल्या नव्या बांधकामावर कडक नियमांचा वेगळा विभागही केला आहे. डागडुजी किंवा खोली वाढवायचा विचार असेल तर तो आधी वाचावा.

दुसरा पूर पावसाचा. राहवे नदीची दक्षिण शाखा इझलिन आणि कोलोनियातून जाते. समुद्रापासून लांब आहोत म्हणून तिथे निर्धास्त राहणारे, ढगफुटीसारख्या पावसात तळघरातले पाणी उपसत बसतात.

तपासणी या क्रमाने करा. संघराज्याच्या आपत्ती संस्थेच्या, म्हणजे फेमाच्या, पूर-नकाशावर पत्ता टाका. ‘ए’ किंवा ‘व्ही’ने सुरू होणारा विभाग आला तर कर्ज देणारी बँक पूरविमा सक्तीचा करणार. ‘एक्स’ आला म्हणजे धोका कमी, शून्य नव्हे. मग विक्रेत्याकडून पुराविषयीचे लेखी निवेदन मागा. 20 मार्च 2024 पासून न्यू जर्सीत ते देणे विक्रेत्याला बंधनकारक आहे, घरमालकाने भाडेकरूलाही. घराच्या उंचीचा दाखला असेल तर पाहा: सर्वांत खालचा मजला नकाशातल्या पूरपातळीच्या किती फूट वर किंवा खाली आहे ते त्यात असते, आणि दोन-तीन फुटांचा फरकही महत्त्वाचा ठरतो. नेहमीच्या घरविम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविम्यात इमारतीला कमाल 2,50,000 डॉलर आणि सामानाला 1,00,000 डॉलर मिळतात, तळघरातल्या वस्तूंना फारच थोडे. कर्जाच्या व्यवहारासोबत घेतला नाही तर तो सुरू व्हायला 30 दिवस लागतात. वादळाची बातमी ऐकून विमा काढणाऱ्यांचा तिथेच पचका होतो.

तळघरातला संप पंप, म्हणजे खड्ड्यात साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप, चालवून पाहा. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. तरंगता खटका उचलला की पंप सुरू व्हायला हवा आणि बंद झाल्यावर नळीतले पाणी मागे येता कामा नये. येत असेल तर उलट-झडप गेली आहे. बॅटरीचा पर्यायी पंप नसेल तर वादळात वीज जाते तेव्हाच पहिला पंपही मुका होतो, आणि पाणी नेमके तेव्हाच वाढत असते.

इथली माती हा आणखी एक मुद्दा. वुडब्रिज, फोर्ड्स, कीझबी या पट्ट्याखाली चिकणमातीचे जाड थर आहेत. एकोणिसाव्या शतकापासून इथून भट्टीच्या विटा, कौले, टेराकोटा यांसाठी ती उपसली गेली. 1971 मध्ये उघडलेला वुडब्रिज सेंटर मॉल जुन्या मातीखाणींवरच उभा आहे. चिकणमातीत पाणी मुरत नाही, तळघराच्या भिंतींवर दाब देत राहते. आणि जिथे खाण बुजवून घर बांधले तिथे भराव असमान बसतो. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग दिसली तर नुसत्या घर-तपासनिसावर न थांबता संरचना अभियंत्याला बोलवा.

प्रश्न (इझलिन): घराचे मूल्यांकन बाजारभावाच्या पाव भागाहूनही कमी आहे, पण कराचा दर 100 डॉलरला दहाहून जास्त! हा दर ऐकून छातीत धस्स होते. कुणीतरी लुटते आहे का?

उत्तर: नाही. वुडब्रिजमध्ये सगळ्या मालमत्तांचे नव्याने मूल्यांकन होऊन कित्येक दशके झाली. मूल्ये जुन्या पातळीवर गोठलेली, म्हणून दर फुगलेला दिसतो. समजायला सोपे आकडे घेऊ. घर 5,00,000 डॉलरचे, गावातले मूल्यांकन सरासरी 20 टक्के, म्हणजे बिलावर 1,00,000. दर 100 ला 11 धरला तर कर 11,000. खऱ्या किमतीच्या 2.2 टक्के. न्यू जर्सीत हे नेहमीचेच आहे. शेजारच्या गावाशी तुलना करायची तर कराची रक्कम भागिले बाजारभाव हाच आकडा घ्या.

अपील करायचे तर ‘कर फार आहे’ हे कारण चालत नाही. सिद्ध करायचे ते एवढेच, की आपले मूल्यांकन गावाच्या सरासरी प्रमाणापेक्षा 15 टक्क्यांहून जास्त वर गेले आहे. वरच्या उदाहरणात सरासरी 20, म्हणजे वरची मर्यादा 23 टक्के. घराची खरी किंमत 4,50,000 ठरली आणि मूल्यांकन 1,10,000 असेल तर प्रमाण 24.4 टक्के. मर्यादा ओलांडली, मूल्यांकन 90,000 वर यायला हवे. तेच 1,00,000 असते तर प्रमाण 22.2 टक्के, आणि सरासरीपेक्षा जास्त असूनही अपील फेटाळले जाईल. बहुतेकांची निराशा इथेच होते, कारण हे गणित ते अर्ज भरल्यानंतर करतात.

किंमत धरायची ती आधीच्या वर्षाच्या 1 ऑक्टोबरची. त्या सुमाराच्या तीन ते पाच मिळत्याजुळत्या घरांच्या प्रत्यक्ष विक्रीचे पुरावे लागतात. विक्रीला लावलेला भाव पुरावा नव्हे, शेजाऱ्याचे मूल्यांकनही नव्हे. अर्ज काउंटीच्या कर मंडळाकडे, प्रती टाउनशिपच्या मूल्यनिर्धारकाला आणि क्लार्कला. मुदत 1 एप्रिल, किंवा मूल्यांकनाची पत्रे टपालात पडल्यापासून 45 दिवस, यांतली नंतरची. मूल्यांकन 1,50,000 च्या आत असेल तर शुल्क 5 डॉलर. वुडब्रिजच्या गोठलेल्या मूल्यांचा हा एक फायदा. पुरावे सुनावणीच्या 7 दिवस आधी पोचवावे लागतात. आणि अपील चालू आहे म्हणून कर थांबवू नका. 1 फेब्रुवारी, 1 मे, 1 ऑगस्ट, 1 नोव्हेंबर हे हप्ते चुकले की थकबाकीच्या पहिल्या 1,500 डॉलरवर वर्षाला 8 टक्क्यांपर्यंत आणि पुढच्या रकमेवर 18 टक्क्यांपर्यंत व्याज लागते.

प्रश्न (कोलोनिया): याच बिलात अग्निशमन, शाळा, काउंटी अशा वेगवेगळ्या ओळी आहेत. तक्रार करायची तर महापौरांकडे जायचे का?

उत्तर: ज्या ओळीची तक्रार, त्या दारात. टाउनशिपचा कारभार थेट निवडून आलेल्या महापौराकडे असतो. मुंबई-पुण्यात खरी कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे आणि महापौर मानाचे, इथे उलट. अधिकारी नेमणे आणि अंदाजपत्रक मांडणे महापौराचे काम, मंजुरी नऊ जणांच्या परिषदेची: पाच प्रभागांतून, चार संपूर्ण गावातून. मुदत चार वर्षे. महापौर आणि हे चौघे एकदम निवडले जातात, प्रभागवाले त्यांच्या मधल्या दोन वर्षांनी.

शाळेच्या पैशावर महापौराचा हात नाही. नऊ सदस्यांचे शाळा मंडळ वेगळे निवडले जाते. काउंटीची ओळ न्यू ब्रन्सविकहून येते, आयुक्त मंडळाकडून. 2020 अखेरपर्यंत या आयुक्तांचे अधिकृत बिरुद ‘निवडलेले फ्रीहोल्डर’ असे होते, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर तोच निवडून यायला लायक, अशा वसाहतकाळाची खूण. 1 जानेवारी 2021 पासून ती पुसली.

अग्निशमनाची ओळ सगळ्यात दुर्लक्षित. टाउनशिपमध्ये वेगवेगळे अग्निशमन जिल्हे आहेत, एकट्या इझलिनमध्ये दोन. प्रत्येकाचे निवडून आलेले आयुक्त, प्रत्येकाचा वेगळा कर. मतदान परंपरेने फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी 2 ते रात्री 9 (कायद्याने ते नोव्हेंबरातही नेता येते). थंडीत मूठभर लोक येतात आणि तेच अंदाजपत्रकही मंजूर करतात.

प्रश्न (कोलोनिया): नागरिकत्व नाही, ग्रीन कार्ड आहे. आम्हाला यात काही बोलता येते का?

उत्तर: मत देता येत नाही, बोलता येते. परिषदेच्या सभेत जनतेसाठी राखलेला वेळ असतो, तिथे नाव-पत्ता सांगून कुणीही रहिवासी बोलू शकतो. कागद मागायलाही नागरिकत्व लागत नाही. क्लार्ककडे सरकारी नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करा. साधारण 7 कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवे. साध्या आकाराच्या कागदाच्या प्रतीला पानामागे 5 सेंट. अर्जात ‘या घराबद्दल सगळे’ असे मागू नका, तो फेटाळला जातो. ब्लॉक, लॉट, वर्ष आणि नोंदीचा प्रकार लिहा: बांधकाम परवाने, ते बंद झाल्याच्या नोंदी, जमिनीखालची तेलाची टाकी काढल्याचा दाखला. इथली घरे मोठ्या प्रमाणावर 1950 नंतरच्या दोन दशकांतली आहेत. तेव्हा लोकसंख्या सुमारे 36 हजारांवरून 99 हजारांवर गेली. त्या काळच्या अनेक घरांच्या अंगणात गरम करायच्या तेलाची टाकी पुरलेली असते. गळकी निघाली तर माती साफ करायचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

प्रश्न (पुणे): एडिसनचा दिवा लागला ते मेनलो पार्क वुडब्रिजमध्ये की एडिसनमध्ये?

उत्तर: आज एडिसनमध्ये. 17 मार्च 1870 पर्यंत ती जमीन वुडब्रिजचीच होती. त्या दिवशी रॅरिटन टाउनशिप वेगळी झाली, प्रयोगशाळा 1876 मध्ये तिथे आली, आणि 1954 मध्ये त्या टाउनशिपने एडिसन हे नाव घेतले. वुडब्रिजचे असे इतरही तुकडे पडले: 1858 मध्ये राहवे, 1906 मध्ये आजचे कार्टरेट. मेनलो पार्क टेरेस ही वस्ती मात्र वुडब्रिजमध्येच आहे आणि मेनलो पार्क मॉल एडिसनमध्ये, त्यामुळे टॅक्सीवाल्याला पूर्ण पत्ता द्यावा.